फॅन बदलताना हवा मोजा

विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली. एवढ्या वर्षांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग कोणता दिसला, असं कुणी विचारलं तर मी फॅनचं नाव घेईन. ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, पीसीआर यंत्र, कशाच्याही मागे जाऊन पाहा. जाळीआड तळहाताएवढा एक फॅन फिरत असतो. तो आवाज करायला लागला की लोक दोन तऱ्हांनी वागतात. काही जण त्या आवाजाची सवय करून घेतात. काही जण बाजारात जाऊन त्याच मापाचा, सर्वांत शांत फॅन घेऊन येतात. दोन्हींत उपकरणाचं नुकसान होतं, कारण फॅन तिथे बसवलेला असतो तो आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. आवाज ऐकला की लगेच कामाला लागावं आणि काम करताना हवेचा हिशोब चुकू देऊ नये, एवढंच मला सांगायचं आहे. खालचे बोल त्याच अनुभवातून आले आहेत.

१. घरघर सुरू झाली की त्याच आठवड्यात बघा

फॅन सहसा एका दिवसात मरत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस वाळत जातं किंवा बुशमधलं तेल संपतं, आसाला सैलपणा येतो आणि पाती थरथरू लागतात. सुरुवातीला आवाज फक्त सकाळी, यंत्र थंड असताना येतो आणि थोड्या वेळाने विरतो. फॅन बदलायची खरी वेळ हीच. नेमक्या याच वेळी सगळे म्हणतात, "थोडा वेळ चालू राहू दे, आपोआप बसेल." पुढे आवाज दिवसभर राहतो. मग फॅन कधी फिरतो, कधी अडकतो. शेवटी आवाज बंद होतो आणि लोकांना बरं वाटतं. आत मात्र हवा थांबलेली असते.

आमच्याकडचे शिपाई मामा रोज सकाळी लॅब उघडून मेन स्विच चालू करत. आवाजातला फरक सर्वांत आधी त्यांना कळे. "सर, यूव्हीचं मशीन आज घरघरतंय," असं ते म्हणाले की मी ते काम त्या आठवड्याच्या यादीत लिहून घेई. शिकवणारी मंडळी आत येतात तेव्हा बॅचचा गलबला सुरू झालेला असतो, त्यामुळे त्यांच्या कानावर ही घरघर फार उशिरा पडते. प्रत्येक प्रयोगशाळेने सकाळच्या त्या माणसाचं म्हणणं गांभीर्याने घ्यावं.

२. आवाज फॅनचाच आहे का, ते आधी ठरवा

यंत्र बंद करा आणि कान द्या. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण स्विच पडताच थांबते. फॅनचा आवाज मात्र फेरे मंदावतील तसा हळूहळू खाली उतरतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो. सात पात्यांचा फॅन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात आणि पात्यांमुळे ३५० हर्ट्झचा सूर उमटतो. आवाजातल्या वारंवारता दाखवणारं साधं मोबाइल अ‍ॅप लावलं तरी हे दोन सूर वेगळे दिसतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे जरूर करून पाहायला द्यावं.

फॅनच्या आवाजातही प्रकार आहेत. एका लयीतली टकटक म्हणजे बहुतेक वेळा एखादी वायर पात्याला लागते आहे. जाळीवर बोट दाबताच झणझण थांबली तर तिचे स्क्रू सैल झालेले असतात. फॅनची चौकट पत्र्याला नीट बसलेली नसेल तर सगळी केस थरथरते. या तिन्हींना नवा फॅन लागत नाही. सलग खरखर किंवा घरघर असेल तर बेअरिंगकडे वळावं. प्लग काढून, झाकण उघडून पातं बोटाने हलकेच फिरवा. चांगला फॅन सरळ फिरतो आणि अलगद थांबतो. खराब फॅन अडखळतो, किंवा पात्याचा मधला भाग बाजूला दाबला की हलतो. असा फॅन काढायचाच.

३. झाकणाला हात लावण्याआधी प्लग हातात घ्या

नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. प्लग सॉकेटमधून काढून समोर टेबलावर दिसेल असा ठेवावा, म्हणजे मदतीच्या भावनेने दुसरं कुणी तो लावणार नाही. एसएमपीएसमध्ये, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये, येणारी २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात. प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकू शकतो. भार उतरवणारा रेझिस्टर आत असतो, पण तो जळलेला असेल तर बाहेरून कळत नाही. म्हणून काही मिनिटं थांबावं आणि मग मल्टिमीटरने मोजून खात्री करावी.

जुना सीआरओ (नळीचा ऑसिलोस्कोप) उघडायचा असेल तर त्याच्या नळीवर काही हजार व्होल्ट असतात. ज्याने हे काम आधी केलेलं नाही, त्याने तो उघडू नये. ज्या यंत्राची वॉरंटी किंवा एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) चालू आहे, त्याचं झाकण कंपनीच्या माणसानेच उघडावं. घाईने उघडून करार मोडण्यात संस्थेचा तोटा आहे.

४. जुना फॅन काढण्याआधी हवेची दिशा लिहून ठेवा

काही यंत्रांत फॅन हवा बाहेर फेकतो, काहींत आत ओढतो. मागच्या बाजूचा फॅन म्हणजे एक्झॉस्टच असणार, असं गृहीत धरू नये. यंत्र चालू असतानाच जाळीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती चिकटते की उडते ते पाहा आणि वहीत लिहा. मग यंत्र बंद करून फोटो काढा: कनेक्टर कुठे आहे, वायर कुठून नेली आहे, लेबल कोणत्या बाजूला आहे.

फॅनच्या चौकटीवर बऱ्याचदा दोन बाण कोरलेले असतात. एक पात्यांची फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची. बाण नसतील तर साधा नियम लक्षात ठेवावा: मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या आणि लेबल ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसवलेला फॅनही फिरतो, आवाजही करत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. आत बसलेल्या दुसऱ्या फॅनशी त्याची झुंज लागली तर हवा जवळजवळ जागच्या जागीच घुटमळते.

५. माप पट्टीने घ्या, अंदाजाने नको

फॅन चौकटीच्या बाजूवरून ओळखतात: ४०, ६०, ८०, ९२, १२० मिलिमीटर. दुकानात "तीन इंची", "चार इंची" असं बोलतात आणि त्यातून गोंधळ होतो. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलं की शंका उरत नाही. ४० च्या फॅनला ते ३२ मिलिमीटर असतं, ६० ला ५०, ८० ला ७१.५, ९२ ला ८२.५ आणि १२० ला १०५. जाडीही मोजावी. १५, २० आणि २५ मिलिमीटर जाडीचे फॅन समोरून एकसारखे दिसतात, पण जागा कमी असेल तर जाड फॅन आतल्या बोर्डाला टेकतो. उलट जाड फॅनच्या जागी बारीक बसवला तर हवा कमी पडते.

लेबलवर व्होल्टेज आणि करंट वाचा. ५, १२, २४ आणि ४८ व्होल्टचे डीसी फॅन नेहमी भेटतात. मोठ्या यंत्रांत थेट २३० व्होल्टचे एसी फॅनही असतात. करंट जुन्याइतकाच किंवा कमी असावा. फॅन चालवणारा लहान ट्रान्झिस्टर मर्यादित करंटचाच असतो. जास्त खाणारा फॅन लावला तर ट्रान्झिस्टर जळतो आणि स्वस्त दुरुस्ती महागात पडते.

६. तिसऱ्या वायरकडे दुर्लक्ष करू नका

दोन वायरींचा फॅन सरळ असतो: लाल धन, काळी ऋण. तिसरी वायर आली की थांबून विचार करावा. बहुतेक वेळा ती फेऱ्यांची खबर देते. एका फेऱ्याला साधारण दोन स्पंद. ३००० आरपीएमचा फॅन सेकंदाला १०० स्पंद पाठवतो आणि यंत्र ते मोजतं. पण काही फॅनमध्ये तिसरी वायर फक्त "फिरतोय की अडकलाय" एवढंच सांगते. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुकीचा लावला तर फॅन उत्तम फिरतो आणि यंत्र मात्र पडद्यावर फॅनची चूक दाखवून सुरू व्हायला नकार देतं. खूप कमी फेऱ्यांचा शांत फॅन लावल्यावरही हाच नकार येतो, कारण यंत्राने फेऱ्यांची खालची मर्यादा ठरवलेली असते.

रंगांवरही आंधळा विश्वास नको. संगणकाच्या चार वायरींच्या फॅनमध्ये काळी ऋण, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी फेऱ्यांची आणि निळी वेग ठरवणारी असते. तीन वायरींच्या बऱ्याच फॅनमध्ये मात्र पिवळीच फेऱ्यांची असते. जोडण्याआधी त्या फॅनची डेटाशीट उघडून पाहावी. जुन्या फॅनचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहता आला तर आणखी चांगलं. हे स्पंद दिसण्यासाठी ती वायर बाहेरून एका रेझिस्टरमधून धन व्होल्टेजला जोडावी लागते (पुल-अप), एवढं ध्यानात असू द्यावं.

७. सर्वांत शांत फॅन शोधू नका, पुरेशी हवा देणारा शोधा

या यादीतला सर्वांत महत्त्वाचा बोल हाच आहे, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

फॅनची हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, अशी सांगतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर हवा. १ घनमीटर हवा १ अंशाने तापायला साधारण १२०० ज्यूल उष्णता घेते. यंत्राच्या आत १०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि प्रत्यक्षात २० सीएफएम हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीच्या हवेपेक्षा सुमारे ९ अंशांनी गरम असते. हीच हवा १२ सीएफएमवर आली तर फरक १५ अंशांच्या जवळ जातो. नागपूर-चंद्रपूरकडच्या लॅबमध्ये एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की खोलीतच ४० अंश असतात. मग आतली हवा ५५ वर पोहोचते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण अर्धं होतं, असा ठोकताळा आहे. त्या हिशोबाने या ६ अंशांपायी कपॅसिटरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो. तो गेल्याचं कुणाला जाणवत नाही. यंत्र एखाद्या परीक्षेच्या तोंडावर बंद पडतं आणि दोष विजेच्या चढउतारावर टाकला जातो.

आता आवाजाचा नियम पाहू. फॅनचे फेरे कमी केले तर हवा त्याच प्रमाणात कमी होते, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो आणि फॅन खातो ती वीज घनाच्या प्रमाणात. फेरे २० टक्क्यांनी घटवले तर हवा २० टक्के, दाब ३६ टक्के आणि आवाज साधारण ५ डेसिबल कमी होतो. कानाला हा फरक सुखद वाटतो. पण दाबातले ते ३६ टक्के कुठे जातात, हे कानाला कळत नाही.

दाब इतका महत्त्वाचा का? खोक्यावर छापलेला सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढे-मागे काहीच अडथळा नसताना मोजलेला. यंत्राच्या आत जाळी, फिल्टर, हीटसिंकच्या पट्ट्या, वायरींचे जुडगे असतात. मोकळ्या मैदानात चालणं वेगळं आणि जत्रेच्या गर्दीतून वाट काढणं वेगळं. दाब कमी असलेला फॅन गर्दीत अडकतो. म्हणून डेटाशीटमध्ये हवा आणि दाब यांचा आलेख दिलेला असतो. जुन्या आणि नव्या फॅनचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत. संगणकाच्या केससाठी बनवलेले अतिशांत फॅन मोकळ्या केसमध्ये उत्तम काम करतात. दाटीवाटीच्या उपकरणात त्यांचा दाब बऱ्याचदा अपुरा पडतो.

एका महाविद्यालयातला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर याच कारणाने माझ्याकडे आला होता. तक्रार होती की दुपारी बेसलाइन सरकते. कुणीतरी त्यात संगणकाचा शांत फॅन बसवला होता. अशा यंत्रात ड्युटेरियमचा आणि टंगस्टन हॅलोजनचा असे दोन दिवे असतात आणि दिव्यांच्या कप्प्यातली उष्णता स्थिर नसेल तर प्रकाशाची तीव्रता आणि डिटेक्टर दोन्ही डगमगतात. मूळ फॅनइतका दाब देणारा फॅन लावल्यावर बेसलाइन जागेवर आली. थोडा आवाज परत आला, आणि तो असायलाच हवा होता.

८. आवाज कमी करायचा तर फॅनभोवती करा

फॅनच्या तोंडाजवळ, विशेषतः हवा आत शिरते त्या बाजूला, अडथळा असला की आवाज वाढतो. पत्र्यात भोकं पाडून केलेल्या जाळीपेक्षा गोल तारेची जाळी हवेला कमी अडवते आणि कमी वाजते. फॅन आणि पत्रा यांच्यात रबरी वॉशर किंवा सिलिकॉनच्या खुंट्या घातल्या तर थरथर केसपर्यंत पोहोचत नाही. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल तर मागे वीतभर जागा सोडावी. फक्त जागा बदलल्यामुळे फॅन शांत झालेली यंत्रं मी पाहिली आहेत. ज्यांच्या फॅनचा वेग आतल्या तापमानाप्रमाणे बदलतो, त्यांना मोकळी हवा मिळाली की ती आपणहून वेग उतरवतात.

९. तेल घालणं हा तात्पुरता उपाय आहे

बुश असलेल्या फॅनचं लेबल सोलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडला की तो काही दिवस गप्प बसतो. प्रॅक्टिकल परीक्षा उद्यावर आली आहे आणि फॅन हातात नाही, अशा वेळी हे जरूर करावं. पण त्याच दिवशी नव्या फॅनची मागणीही टाकावी, कारण झिजलेला बुश तेलाने भरून येत नाही. गंज सोडवणारा स्प्रे तर मुळीच मारू नये. तो उरलेलं ग्रीस धुऊन काढतो.

नवा फॅन निवडताना बॉल बेअरिंगचा घ्यावा, असं मी सांगेन. बुशचा फॅन नवा असताना थोडा अधिक शांत असतो, पण उष्णतेत त्याचं तेल लवकर आटतं. कामाच्या दिवशी आठ तास चालणारं उपकरण वर्षाला साधारण २००० तास चालतं. दिवसरात्र चालणारा इन्क्युबेटर वर्षाला ८७६० तास चालतो. ३०,००० तासांचा फॅन पहिल्यात पंधरा वर्षं पुरेल असं कागदावर दिसतं. दुसऱ्यात तो साडेतीन वर्षांच्या आतच त्या आकड्यापर्यंत पोहोचतो. हे आकडे ठरावीक तापमानाला, बहुधा ४० अंशांना दिलेले असतात, आणि तेवढ्या तासांत दहा टक्के फॅन निकामी होतील असा त्यांचा अर्थ असतो, हेही लक्षात असावं.

१०. खरेदी करताना जुना फॅन बरोबर न्या

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला तपकीर गल्लीचा परिसर इथे बहुतेक मापांचे फॅन मिळतात. फोनवर माप सांगून मागवण्यापेक्षा जुना फॅन पिशवीत घालून नेणं केव्हाही चांगलं. सनॉन, डेल्टा, निडेक, सॅन्यो डेन्की, ईबीएम-पाप्स्ट ही नावं उपकरणांत नेहमी दिसतात. लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, जुळवावा. त्या शेवटच्या अक्षरांत बेअरिंगचा प्रकार, वेग आणि तिसऱ्या वायरीचा प्रकार दडलेला असतो.

भंगारातून काढून पुसलेले फॅनही बाजारात मिळतात. पाती चकचकीत आणि वायरीचं टोक आधी सोल्डर केलेलं दिसलं तर तो घेऊ नये. घ्यायचा फॅन दुकानदाराला सांगून लेबलवरच्या व्होल्टेजवर चालवून पाहावा, हातात धरून थरथर जाणवते का ते बघावं. शक्य असेल तर दोन घ्यावेत आणि दुसरा यंत्राच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावा. पुढच्या वेळी तेच मॉडेल मिळेलच याची खात्री नसते.

११. झाकण उघडलंच आहे तर धूळ काढा

खडूची भुकटी, मैदानावरची माती, किनाऱ्याकडच्या लॅबमधली खारट ओल, हे सगळं फॅनवाटे आत जातं. मऊ ब्रशने धूळ सोडवून ब्लोअरने ती बाहेर काढावी. ब्लोअर मारताना पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवावं. हवेच्या झोताने फॅन त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि फॅन उलट वीज तयार करून बोर्डात पाठवू शकतो. हीटसिंकच्या पट्ट्यांमधला नमद्यासारखा थर सर्वांत घातक असतो. तो चिमट्याने काढावा. जाळी तुटलेली असेल तर लगेच बदलावी. पावसाळ्यात पाली आणि झुरळं उबेला आत शिरतात आणि बोर्डावर शॉर्ट करतात.

१२. बसवताना वायर जुनी, कनेक्टर जुना

नव्या फॅनचा कनेक्टर बहुधा यंत्राशी जुळत नाही. जुन्या फॅनची वायर कनेक्टरसकट थोडी लांब ठेवून कापावी आणि नव्या वायरींना सोल्डर करून त्यावर तापवल्यावर आवळणारी नळी (हीट-श्रिंक) चढवावी. नुसती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा उष्णतेत सुटतो. वायर पात्यापासून दूर, केबल टायने बांधावी. स्क्रू कर्णाच्या दिशेने, समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू घट्ट केली तर प्लास्टिकची चौकट पिळते आणि नवा फॅनही पहिल्या दिवसापासून घासू लागतो. झाकण लावल्यावर प्लगची अर्थची पिन आणि यंत्राचा धातूचा भाग यांच्यातला रोध मोजावा. तो एक ओहमच्या आत असला पाहिजे.

१३. काम झालं हे तापमान सांगेल

फॅन फिरला की काम संपलं, असं मानू नये. जुना फॅन काढण्याआधी, यंत्र तासभर चालल्यावर, आतल्या हीटसिंकवर आणि हवा बाहेर पडते तिथे थर्मोकपलने तापमान घ्यावं. सेन्सर आणि त्याची वायर यंत्र बंद असताना, प्लग काढूनच आत बसवावी आणि झाकण लावून मोजावं. नवा फॅन लावल्यावर तेवढाच वेळ चालवून, खोलीचं तापमान लिहून, पुन्हा घ्यावं. आकडे पूर्वीइतके किंवा कमी असतील तरच यंत्र वापरात द्यावं.

आतलं तापमान बदललं की मोजमापही थोडं हलू शकतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरची तरंगलांबी होल्मियम ऑक्साइडच्या फिल्टरने आणि शोषकता पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाने तपासावी. अचूक मल्टिमीटर किंवा कॅलिब्रेटर असेल तर तो पूर्ण गरम झाल्यावर प्रमाण स्रोताशी ताडून पाहावा. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ही दुरुस्ती नोंदवणं बंधनकारकच आहे. आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकात उपकरणाच्या बिघाडाची, बदलाची आणि दुरुस्तीची नोंद मागितलेली आहे.

१४. काही फॅनना हात लावू नका

गॅस क्रोमॅटोग्राफच्या ओव्हनमधला पंखा गरम हवा घुसळण्यासाठी असतो. त्याची रचना आणि आस वेगळे असतात. बायोसेफ्टी कॅबिनेटचा ब्लोअर माणसाला जंतूंपासून वाचवतो. तो बदलल्यावर हवेचा वेग आणि फिल्टर प्रमाणित करून घ्यावेच लागतात. फ्यूम हूडचंही तसंच. तिथे चुकलेल्या हवेची किंमत माणूस मोजतो. ही कामं प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावीत, मग बिल कितीही येवो.

१५. नोंद ठेवा आणि पुढच्या माणसाची सोय करा

यंत्राच्या मागे एक छोटं लेबल लावा: फॅन बदलल्याची तारीख, मॉडेल, हवेची दिशा आणि त्या दिवशीचं तापमान. हेच दुरुस्तीच्या वहीत लिहा. लॅब असिस्टंटची बदली होते, प्राध्यापक निवृत्त होतात, पण यंत्र त्याच टेबलावर राहतं. पुढच्या माणसाला सगळं पुन्हा शोधावं लागू नये.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, विद्यार्थी येण्याआधीच्या शांत वेळी, सगळी यंत्रं एकेक करून चालू करा आणि प्रत्येकाच्या मागे उभं राहून फॅन ऐका. ज्याचा आवाज बदलला आहे त्याचं नाव लिहा आणि विभागाच्या खर्चात सुट्या फॅनसाठी वेगळी रक्कम धरा. काहीशे रुपयांचा योग्य फॅन वेळेवर बसला, तर लाखोंचं उपकरण विद्यार्थ्यांच्या पुढच्या कित्येक बॅचना बरोबर मोजमाप देत राहतं.